जाड पत्रा आणि जुनी जीप

जुन्या जीपवाल्यांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. सारांश असा : ‘वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल असलं की जीपचा कुठलाही पार्ट घरी बनतो. जुने पार्ट आता मिळतच नाहीत. मूळच्यापेक्षा जाड लोखंड घ्या, कंपनीपेक्षा मजबूत होईल. बारीकसारीक वस्तू थ्रीडी प्रिंट करा. आणि गाडी आपली आहे, आरटीओचा काय संबंध?’

मी स्वतः घरामागच्या शेडमध्ये एमएम ५४० या महिंद्राच्या जुन्या जीपशी झटापट करतो. त्यामुळे घरी हात लावूच नये, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण या मजकुरातलं निम्मं अर्धवट खरं आहे आणि उरलेलं एखाद्याला घाटात नडेल.

आधी ‘पार्ट मिळत नाहीत’ हे घेऊ. अमेरिकेत सीजे-३बी हे विलीज जीपचं मॉडेल १९६८ साली बंद झालं. आपल्याकडे महिंद्राने त्या घराण्यातल्या गाड्या पुढे कित्येक वर्षं काढल्या. म्हणून पुण्याची नाना पेठ आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातल्याशिवाय ‘मिळत नाही’ म्हणू नये. बेअरिंग आणि ऑइल सीलवर तर नंबरच असतो. घाण पुसून तो वाचायचा आणि बेअरिंगच्या दुकानात सांगायचा. गाडी कुठली, हे दुकानदार विचारतही नाही. खरी टंचाई असते ती चांगल्या पत्रेकामाची, आणि ते घरी करण्यासारखंच आहे.

आता ‘जाड म्हणजे मजबूत’. सगळ्यात जास्त पटणारं आणि सगळ्यात घातक वाक्य हेच. लोखंडाची जाडी वेगळी, जात वेगळी. हे मी पैसे आणि एक रविवार घालवून शिकलो. कमानपाटे (गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट गंजले होते, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून मूळच्यापेक्षा एक साइज जाड थ्रेड रॉड, म्हणजे आटे पाडलेली सळई, आणली, तापवून वाकवली आणि बसवली. दिसायला झकास. आठवड्याने नट सैल. आवळला. पुन्हा सैल. मला वाटलं, वायसर खराब. खरं तर रॉडच ताणला जात होता. एका उतारावर गाडी डावीकडे ओढायला लागली. खाली उतरून पाहतो तर मागचं एक चाक मडगार्डच्या जवळ सरकलेलं. पकड गेल्यामुळे कमानीच्या मधला सेंटर बोल्ट तुटला होता आणि ॲक्सल तिरका झाला होता.

कारण साधं. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असेल, तर तो तुटेपर्यंत साधारण ८०० मेगापास्कल ताण घेतो. दुकानातला साधा थ्रेड रॉड बहुतेक वेळा ४.६ च्या आसपासचा, म्हणजे निम्म्या ताकदीचा. एक साइज जाड घेऊन निम्म्याची भरपाई होत नाही.

कमानीचंही तसंच. पाट्याचा लवचीकपणा त्याला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून-थंड करून आणलेल्या कडकपणात असतो. गॅसने लाल करून पाटा ‘उचलून’ दिला की त्या जागेचं पाणी उतरतं. गाडी चार दिवस उंच दिसते, मग पाटा बसतो नाहीतर तुटतो. जुन्या लोहारांना हे पुस्तकाशिवाय कळत होतं.

आणि चासी. जीपची चासी शिडीसारखी असते. खड्ड्यात एक चाक उतरलं की ती थोडी पिळवटते आणि तिने तसं पिळवटणं अपेक्षितच आहे. तिथे जाड प्लेट चारी बाजूंनी वेल्ड केली की तेवढा भाग ताठ होतो आणि सगळा ताण प्लेटच्या कडेला जमतो. पुढची भेग वेल्डच्या अगदी शेजारी येते. चांगला वेल्डर भेगेच्या टोकाला आधी भोक मारतो, प्लेटची टोकं तिरकी कापतो आणि चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड टाकत नाही. वेल्डिंगचा ७०१८ जातीचा रॉड वापरणार असाल तर तो कोरडा हवा. आमच्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पाकिटात राहिलेला रॉड या कामाचा नाही.

स्टिअरिंगच्या पार्टांबद्दल वाद घालायलाच नको. टाय रॉड, ड्रॉप आर्म, नकल यांना वेल्डिंग नाही. ब्रेकलाही नाही.

थ्रीडी प्रिंटचं थोडक्यात : पीएलए हे प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या जीपचा डॅश तिथपर्यंत सहज जातो. इंजिनाजवळ तर विचारूच नका. पुठ्ठ्याऐवजी नमुना म्हणून प्रिंट मात्र उत्तम. तो घेऊन लेझर कटिंगवाल्याकडे जा.

‘आरटीओचा काय संबंध?’ मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच विषयावर आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंगला न्यायचीच आहे, तेव्हा लांब शॅकल (कमानीचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) आणि पुढचा अवजड बुलबार लपणार कुठे? तसंही लांब शॅकलने पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे गाडी सरळ ठेवणारा कल, बिघडतो आणि गाडी रस्ता सोडून भटकते.

मग ‘कुठलाही पार्ट’ यातलं उरलं काय? बरंच. टबच्या (जीपच्या पत्र्याच्या बॉडीच्या) फ्लोअरचे तुकडे मी १८ गेजच्या पत्र्यातून कापले, आधी पुठ्ठ्यावर आखून. बॅटरीचा ट्रे, जेरीकॅनचा स्टँड, काचेच्या फ्रेमच्या बिजागऱ्यांच्या पिना घरच्याच. शॅकलच्या पिनेभोवती बसणारे गनमेटलचे बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर फिरवून घेतले; माप मी व्हर्नियरने घेऊन गेलो होतो, तरी लेथवाल्याने ‘शॅकल आणा, मग बोलू’ म्हणून परत पाठवलं. बरोबर केलं. पिन एका बाजूने झिजली होती आणि मी माप झिजल्या बाजूचं घेतलं होतं.

यू-बोल्ट आता विकतचे आहेत, बसवल्यावर पाचशे किलोमीटरनी पुन्हा आवळलेले. जुन्या जाड रॉडपैकी एक शेडच्या दाराला कडी म्हणून लावलाय. तिथे तो चांगला काम देतो.