८७.५ कोणाच्या बापाचं?

गाणं अंतऱ्यावरून ध्रुवपदाकडे वळत होतं, आणि गायिकेच्या जागी एक घोगरा पुरुषी आवाज म्हणाला, ‘‘प्रेत अजून गरम आहे.’’

मी फोनकडे पाहिलं. फोन निरागस होता. गाणं त्याच्यावर चालूच होतं, सेकंद पुढे सरकत होते. रेडिओवर ८७.५ मेगाहर्ट्झ, ट्रान्समीटरच्या निळ्या डोळ्यातही ८७.५. सगळं जागच्या जागी, फक्त गायिका बेपत्ता आणि तिच्या सुरांवर एक इन्स्पेक्टर उभा.

ज्यांच्या गाडीत ब्लूटूथ आहे त्या सुखी जीवांसाठी थोडक्यात सांगतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटात खोचायचं ते बोंडूक म्हणजे एफएम ट्रान्समीटर. फोनमधलं गाणं ते ब्लूटूथने किंवा तारेने घेतं आणि स्वतःचं चिमुकलं रेडिओ केंद्र चालवतं. ते केंद्र गाडीच्या रेडिओने पकडायचं. म्हणजे गाणं फोनमधून निघून बोंडकात, बोंडकातून हवेत, हवेतून टपावरच्या अँटेनात आणि तिथून तारेने पुन्हा डॅशबोर्डवर येतं. हातभर अंतरासाठी हा द्राविडी प्राणायाम, कारण गाडी बनवणाऱ्याला डॅशबोर्डला फोनची तार खोचण्यापुरतं साडेतीन मिलिमीटरचं एक भोक पाडणं जड गेलं. कप ठेवायला चार खड्डे दिलेत. भोक नाही.

त्यातून या केंद्राची ताकद बघा. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००६पर्यंत हे उपकरण वापरणंच बेकायदा होतं. मग परवानगी मिळाली ती ५० नॅनोवॅटपुरती. ५० किलोवॅटचं एखादं दणकट केंद्र घेतलं, तर ते आपल्या बोंडकाच्या लाख कोटी पट झालं. अमेरिकेत मोजमाप वेगळं, तीन मीटरवर मीटरमागे २५० मायक्रोव्होल्ट, पण मतलब तोच: तुमचं तुम्ही ऐका, शेजाऱ्याला ऐकवू नका. शेजारी तीन मीटरच्या आत आला तर काय करायचं, हे मात्र कायदा सांगत नाही. सिग्नलला शेजारी दीड मीटरवर असतो.

तर माझ्या शेजारच्या लेनमध्ये एक गाडी होती, माझ्यापेक्षा अर्धी लांबी मागे. काच खाली झाली आणि इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ ओरडले, ‘‘अहो, ते गाणं बंद करा! मघाशी तुमच्या पुढे होतो, जबाब ऐकूच आला नाही!’’

‘‘कसला जबाब?’’

‘‘माळ्याचा!’’

तेव्हा डोक्यात उजेड पडला. साहेब रहस्यकथा ऐकत होते. ऑडिओबुक.

‘‘तुम्ही ८७.५वर आहात का?’’

‘‘आहात का म्हणजे? मी ८७.५वरच असतो. ट्रान्समीटरचा डबा उघडला तेव्हापासून.’’

‘‘माझंही डबा उघडला तेव्हापासून...’’

‘‘मग बदला.’’

‘‘तुम्ही बदला की.’’

‘‘मी आधी आलोय.’’

‘‘कुठे?’’

‘‘सिग्नलला!’’

यात तथ्य नव्हतं, पण आवेश होता. आणि एवढ्यात रांग थोडी सरकली, त्यांची गाडी पुढे गेली, माझी जागीच राहिली. माझ्या स्पीकरवर गायिका परतली. पाठोपाठ पुढून हंबरडा आला: ‘‘आता पुन्हा गेला हो माळी!’’

ही जादू नव्हे, भूमिती आहे. आमच्या दोघांच्याही अँटेना टपाच्या मागच्या टोकाला. दोघांचेही ट्रान्समीटर पुढे, डॅशबोर्डच्या पोटात. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. आतल्या ट्रान्समीटरचा आवाज टपावर पोचायचा तो खिडक्यांतून, वळसे घेत, अर्धमेला होऊन. शेजारचा अर्धी गाडी मागे असेल, तर त्याचा डॅशबोर्ड बरोबर माझ्या अँटेनाच्या बाजूला येतो. माझ्या स्वतःच्या ट्रान्समीटरपेक्षा त्याचा ट्रान्समीटर माझ्या अँटेनाला जवळचा आणि मोकळा. म्हणून माझ्याकडे त्याचा इन्स्पेक्टर. तो पुढे गेला की उलट. थोडक्यात, या स्पर्धेत जो मागे राहतो तो जिंकतो.

आणि दोन्ही आवाज मिसळत का नाहीत, एकाचा खून होऊनच दुसरा का येतो? तो एफएमचा स्वभाव. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनिअरने १९३३मध्ये रुंद पट्ट्याच्या एफएमचं पेटंट मिळवलं, ते खरखर मारण्यासाठी. खरखर मरते ती याच गुणामुळे: एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले, की रिसीव्हर जोरदाराला धरतो आणि दुबळ्याला दाबून टाकतो. याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. दोघं तुल्यबळ असतील तेवढ्या अरुंद जागेत फक्त फर्रफर्र ऐकू येते. एएममध्ये, म्हणजे रेडिओच्या जुन्या पद्धतीत, असं नसतं, तिथे दोन्ही आवाज एकमेकांत कालवून येतात. विमानांचं बोलणं आजही एएमवर चालतं. दोन वैमानिक एकदम बोलले तर निदान विचित्र शिट्टी वाजते आणि टॉवरला कळतं की कोणीतरी मध्ये तोंड घातलंय. गाडीत कळत नाही. गाडीत सरळ माळी येतो.

हा नियम त्या गृहस्थांनाही उमगला असावा, कारण पुढची रांग हलली तरी ते हलले नाहीत. मीही हललो नाही. दोघांच्या पुढे दोन-दोन गाड्यांची जागा रिकामी, आणि आम्ही दोघं ब्रेकवर पाय रोवून एकमेकांना हाताने ‘आधी आपण, आधी आपण’ करतोय. असा विनय त्या चौकाने पाहिला नसेल. मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला.

आमच्या मधल्या फटीत एक मोटरसायकलवाला येऊन अडकला. हेल्मेटची काच वर करून म्हणाला, ‘‘काय झालं, घासली का?’’

आम्ही दोघंही एकदम बोललो, एएमसारखे. त्याला दोन्ही ऐकू आलं आणि काहीच कळलं नाही. मग मी फ्रिक्वेन्सी समजावली, साहेबांनी माळी समजावला. तो शांतपणे ऐकून घेत होता. मधूनच त्याने साहेबांना विचारलं, ‘‘माळी कशाला मारेल पण?’’ साहेब म्हणाले, ‘‘अहो, तेच तर ऐकू देत नाहीयेत हे.’’ आता दोघंही माझ्याकडे बघायला लागले. जणू माळ्याला मीच पळवून लावला होता.

‘‘आणि गाणं तरी काय लावतात हो!’’ साहेब त्याला म्हणाले. ‘‘इन्स्पेक्टर विचारतो, रात्री कुठे होतास? आणि वरून बाई गाते, साजणा तुझ्या वाटेवरी. मी घाबरलो ना! मला वाटलं माळ्याचं काहीतरी प्रकरण आहे.’’

मोटरसायकलवाला हसला. मग आमच्या दोन्ही गाड्यांवरून त्याने नजर फिरवली आणि निकाल दिला: ‘‘एवढ्यासाठी भांडताय? स्टीरिओच बदला की दोघं. किती जुन्या आहेत गाड्या?’’

हे वाक्य माझ्या अजून घशात आहे. स्टीरिओच बदला! डॅशबोर्डवर जुन्या मापाचं चौकोनी घर असेल, १८० बाय ५० मिलिमीटर किंवा त्याच्या दुप्पट उंचीचं, तर नवा स्टीरिओ खुशाल बसवा. पण ज्या गाड्यांत रेडिओ, एसीची बटणं आणि घड्याळ एकाच वळणदार प्लास्टिकमध्ये ओतलेलं असतं, तिथे रेडिओ काढणं म्हणजे चेहऱ्यावरून नाक काढणं. शिवाय काही रेडिओ वीज तुटली की गुप्त कोड मागतात, आणि तो कोड असलेला कागद पहिल्या मालकाकडे राहिलेला असतो. हेल्मेटमधून बोलणं सोपं आहे.

खरा उपाय वेगळाच आहे आणि तो कोणी सुचवत नाही. तारेचा एफएम मॉड्युलेटर मिळतो. तो रेडिओच्या मागे, अँटेनाची तार जिथे घुसते तिथे मध्ये बसवायचा. गाणं चालू असताना तो बाहेरची अँटेना तोडतो आणि आपला सिग्नल तारेने थेट रेडिओत घालतो. बाहेर कोणीही कोणाचाही खून करो. तेवढी खटपट नको असेल तर गरिबाचा इलाज: अँटेना ओढून आत घालण्याची असेल तर ती पूर्ण खाली करा. बाहेरची केंद्रं दुबळी होतात आणि आतलं बोंडूक राजा होतं. जुन्या ट्रान्समीटरांत गाण्याची तारच बऱ्याचदा अँटेनाचं काम करते; ती नीटनेटकी गुंडाळून कप्प्यात कोंबलीत तर आवाजही कोंबला जातो. १०० मेगाहर्ट्झला पाव लहर ७५ सेंटिमीटरची असते. तार जितकी सरळ, तितकी उपयोगी.

आणि मुळात ८७.५वर बसायचंच नाही. हे मी लोकांना सांगत असतो. ट्रान्समीटर बंद करा, रेडिओ हाताने ०.१च्या टप्प्याने फिरवा, आपोआप शोधणारं बटण वापरू नका. ते नेमकं भरलेल्या जागीच थांबतं आणि आपल्याला रिकामी हवी असते. जिथे नुसती एकसुरी सूंऽऽ आहे, मागे कोणी कुजबुजत नाही, आणि दोन्ही बाजूंना ०.२पर्यंत तरी शांतता आहे, ती जागा घ्या. हे तळघरातल्या पार्किंगमध्ये करू नका. तिथे अख्खा पट्टा रिकामा वाटतो आणि रस्त्यावर आल्यावर तीन निवेदक मानगुटीवर बसतात. जपानहून आलेली जुनी गाडी असेल तर तिचा रेडिओ ७६ ते ९०च ऐकतो, म्हणजे तुम्हाला ८७.५ ते ९० एवढंच अंगण. लांबच्या प्रवासात रिकामी जागा दर तासाला बदलते. आणि एकदा सापडली की ती आधी ट्रान्समीटरवर लावायची, बटण दाबून धरून आकडे लुकलुकेपर्यंत, मग रेडिओवर तोच आकडा. दोन ठिकाणी. चालत्या गाडीत हे करू नये.

आवाजाचंही तसंच. तारेने जोडलंत तर फोनचा आवाज पाऊणच ठेवा. एफएमची वाहक लहर, म्हणजे गाणं वाहून नेणारी रेडिओलहर, दोन्हीकडे ७५ किलोहर्ट्झपर्यंतच हलायची; फोन पूर्ण पिळला की ती कुंपण ओलांडते आणि ‘स’ची ‘श्श’ होते. उरलेला आवाज रेडिओवर वाढवा, पण ट्रान्समीटर उपटण्याआधी तो कमी करायला विसरू नका, नाहीतर रिकाम्या फ्रिक्वेन्सीची खरखर थोबाडीत बसते. खरखर सतत असेल आणि रेडिओवर मोनोची, म्हणजे सगळ्या स्पीकरांना एकच आवाज देण्याची, सोय असेल, तर मोनो करा. डावा-उजवा आवाज वेगळा ठेवणाऱ्या स्टीरिओला तेवढ्याच स्वच्छतेसाठी साधारण २० डेसिबल जास्त ताकद लागते, ती ५० नॅनोवॅटवाल्याने आणायची कुठून? आणि ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर गाडी मेकॅनिककडे नेऊ नका. आधी फोनची चार्जिंगची तार काढून बघा. शिट्टी थांबली तर तो ग्राउंड लूप: एकाच सॉकेटातून चार्जिंगही आणि गाण्याची तारही, मग अल्टरनेटर, म्हणजे गाडीची वीज बनवणारं यंत्र, स्वतःच गायला लागतो. गाण्याच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची काडेपेटीएवढी डबी घातली की त्याचा रियाज बंद.

एवढं सगळं माहीत असून मी स्वतः ८७.५वर का होतो, हा प्रश्न मोटरसायकलवाल्याने विचारला नाही म्हणून बरं. डबा उघडला तेव्हा त्यावर होतं, दुसरं काय.

शेवटी साहेबांनीच मोठेपणा घेतला. बटण दाबलं, आकडे लुकलुकवले, आणि काचेतून मला ऐकवलं, ‘‘घ्या. ८८.३वर गेलो मी. तुम्ही बसा ८७.५ घेऊन उरावर.’’

माझ्या गाडीत गायिका तशीच चालू होती. स्वच्छ, सुरेल. आणि माझ्या लक्षात आलं की मला माळ्याचं काय झालं ते हवंय. मोटरसायकलवाल्यालाही हवं होतं. तो साहेबांच्या खिडकीशी कान देऊन उभा होता.

ट्रान्समीटरला हात न लावता मी फक्त रेडिओ ८८.३वर नेला. आयुष्यात पहिल्यांदा एकाच ठिकाणी बटण फिरवून काम झालं. साहेब थोडेच पुढे होते, आवाज खणखणीत. दिवाणखान्यात सगळे जमले होते. इन्स्पेक्टर म्हणाला, ‘‘माळीबुवा, दार लावून घ्या.’’

सिग्नल हिरवा झाला. साहेब इतका वेळ अडकून राहिल्याचा सगळा सूड उगवत सुसाट पुढे गेले, मोटरसायकलवाला त्यांच्या खिडकीला चिकटून. मी गिअर टाकेपर्यंत दार लागल्याचा आवाज आला, मग एक खुर्ची सरकली, मग खरखर. पुढच्या दोन सिग्नलपर्यंत मी तसाच खरखर ऐकत गेलो, ८८.३वर.