क्रूझ ठरवताना आधी शाळेचं कॅलेंडर उघडा

गेल्या दोन महिन्यांत चार जणींनी विचारलं, बाई तुम्ही दोघंच क्रूझला जाऊन आलात ना, कुठली कंपनी घेतलीत, आम्हालाही मुलं-नातवंडं न घेता जायचंय. प्रत्येकीला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी ठाण्यात ३२ वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं शाळेचं टाइमटेबल लावायचं काम माझ्याकडेच होतं. शिक्षकाला सुट्टी कधी, तर मुलांना असते तेव्हाच. म्हणजे मे महिना, दिवाळी, नाताळ. त्यामुळे महाबळेश्वर असो की केरळ, आम्ही जिथे गेलो तिथे शाळा आमच्याबरोबर आलीच.

पहिली क्रूझ केली ती रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी, दिवाळीत, सिंगापूरहून तीन रात्रींची. जहाज सुंदर होतं, जेवण उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिल्याच सकाळी हे दोन कॉफ्या घेऊन आले आणि आम्ही पूलच्या डेकला दोन फेऱ्या मारल्या तरी बसायला खुर्ची नाही, सगळीकडे टॉवेल टाकलेले, ओले फ्लोटर, कोणाचा तरी एकच सँडल, शेवटी जिन्याच्या पायरीवर बसून ती कॉफी प्यायलो आणि ती तोपर्यंत गार झाली होती. रात्री तर वेगळंच. आमच्या केबिनमध्ये पलंगाच्या बाजूला एक जास्तीचं दार होतं, मला वाटलं कपाट असेल. ते शेजारच्या केबिनचं मधलं दार निघालं, बंद होतं पण त्याच्याखालून उजेड यायचा आणि पलीकडचं बाळ रात्री दोनला रडायला लागलं की जणू आमच्याच उशाशी रडतंय. सकाळी नाश्त्याला त्याची आई भेटली, सॉरी सॉरी म्हणाली, बिचारी माझ्यापेक्षा जास्त दमलेली होती. मी तिला म्हटलं, अगं बाळ रडणारच, तू मोकळेपणाने खा, मी धरते पाच मिनिटं त्याला.

हे मुद्दाम सांगतेय, कारण मुलांशिवाय जायचं म्हटलं की लोक लगेच तोंड बघतात. पुढच्या वेळी एजंटकडे गेलो तर तो पोरगा म्हणतो, "काकू, नातवंडांना पण घ्या ना, तिसरं चौथं माणूस त्याच केबिनमध्ये फ्री आहे, दोघंच जाऊन काय करणार?" मला फार लागलं ते. आमच्या दुकट्याने काय करायचं ते आमचं आम्ही बघू ना! आणि ज्यांना मुलंच नाहीत अशी जोडपी त्याच खुर्चीत बसत असतील, त्यांना हा प्रश्न कसा वाटत असेल? मुलं आवडणं वेगळं आणि दहा दिवस शांतपणे समुद्र बघावासा वाटणं वेगळं. दोन्ही एकाच माणसाला वाटू शकतं, मला वाटतं.

आता कंपनीचं. १८ वर्षांखालच्यांना घेतच नाहीत अशा क्रूझ लाइन आहेत, पण "ओन्ली अडल्ट्स" एवढंच वाचून पैसे भरू नका. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि व्हायकिंग, दोन्हीकडे १८ च्या खाली प्रवेश नाही, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. व्हर्जिनचं पहिलं जहाज २०२१ ला सुरू झालं, तिथे रात्री उशिरापर्यंत पार्ट्या, डीजे, जहाजावर चक्क टॅटू काढायचं दुकान. ज्यांना ते हवंय त्यांनी जरूर जावं, माझी पुतणी तिशीतली आहे, तिला मी तेच सांगितलं. व्हायकिंगची समुद्रातली जहाजं छोटी, साधारण हजाराच्या आत माणसं, कसिनो नाही, प्रत्येक केबिनला बाल्कनी, संध्याकाळी इतिहासावर व्याख्यानं. माझ्यासारखीला तो स्वर्ग, पण किंमत बघून आम्ही सध्या हात जोडले. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीची आर्केडिया आणि अरोरा ही दोन जहाजंही फक्त मोठ्यांसाठी आहेत. म्हणजे शांतता हवी की धमाल, हे आधी आपसात बोलून घ्या. आमचं हे बोलणं ठाण्याच्या तलावपाळीला तीन फेऱ्या होईपर्यंत चाललं होतं, ह्यांना रोज संध्याकाळी गाणंबजावणं हवं होतं आणि मला पुस्तक.

पण खरं सांगू का, आपल्यापैकी बहुतेकांना १८ च्या वरचं जहाज लागतच नाही. साधं नेहमीचं जहाज घ्या, फक्त तारीख नीट निवडा. जहाज जिथून सुटतं त्या देशातल्या शाळा कधी बंद असतात ते बघा. आपण आपली मे आणि दिवाळी टाळतो आणि वाटतं झालं काम. सिंगापूरला जून महिनाभर शाळा बंद, नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेरपर्यंत बंद, मार्च आणि सप्टेंबरमध्ये एकेक आठवडा बंद, शिवाय चिनी नववर्ष, ते कधी जानेवारीअखेर येतं कधी फेब्रुवारीत. युरोपात जुलै-ऑगस्ट नकोच, आणि ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर सुट्टी असते. हे सगळं त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर आधीच लागलेलं असतं, मी अख्ख्या वर्षाचं कॅलेंडर छापून फ्रिजवर चिकटवलं होतं, लाल पेनाने सुट्ट्या खुणावून, अगदी टीचर्स रूममध्ये लावायचे तसं. दुसरं म्हणजे ट्रिप किती रात्रींची ते. दोन-तीन रात्रींच्या ट्रिपा कुटुंबांनी भरतात, आपल्या मुंबईहून गोव्याला वीकेंडला जाणाऱ्या क्रूझचंही तेच, आठ-दहा रात्रींवर गेलं की शाळकरी मुलं आपोआप कमी होतात, कारण एवढी शाळा बुडवणार कोण?

मग केबिन. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागून घ्या, एजंट देत नसेल तर कंपनीच्या साइटवर असतो. त्यात दोन केबिन जोडणारी जी छोटी खूण असते ती कनेक्टिंग दाराची, ती केबिन नको म्हणा, आम्ही रात्री दोनला शिकलो ते तुम्ही आधीच शिका. डोक्यावर पूल नको, शेजारी किड्स क्लब नको, वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील असा मजला घ्या. रात्रीचं जेवण दोन बॅचमध्ये असेल तर उशिराची घ्या, लहान मुलंवाले लवकरची घेतात. आणि मोठ्यांसाठी वेगळी जागा आहे का, त्याचे जास्तीचे पैसे आहेत का ते विचारा. रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर सोलॅरियम असतं, तिथे १६ च्या खाली सोडत नाहीत. प्रिन्सेस कंपनीकडे सँक्चुअरी नावाची तशी जागा आहे.

आम्ही दुसरी क्रूझ केली ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रोमजवळच्या चिविताव्हेकिया बंदरातून ग्रीसकडे, दहा रात्री. जहाज चांगलं मोठं होतं, मुलांना परवानगी असलेलंच. मी सवयीने मोजलं, अख्ख्या प्रवासात शाळकरी वयाची सात मुलं दिसली. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीने जावं लागतं, आम्ही सकाळच्या गर्दीत गेलोच नाही. रिकाम्या डेकवर रेलिंगला टेकून उभे होतो, समोर तो काळा-तांबडा कडा आणि वर पांढरी घरं, आणि हे चक्क गुणगुणत होते. ३४ वर्षांच्या संसारात मी ह्यांना सकाळी गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं. कॉफी शेवटच्या घोटापर्यंत गरम होती.

एक राहिलंच. आमच्या शाळेतल्या हिंदीच्या बाई, मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली त्यांचे. त्यांना एकटीला जायचंय आणि सगळीकडे दोन माणसांच्या केबिनचे पैसे एकटीकडून मागतात, सिंगल सप्लिमेंट म्हणून, कधी कधी जवळजवळ दुप्पट. मला हे पटत नाही. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २०१० मध्ये एपिक जहाजावर एकट्या माणसासाठी छोट्या स्टुडिओ केबिन काढल्या, खिडकी नाही पण एकट्यांना बसायला वेगळा लाउंज आहे. आता इतरही काही कंपन्यांकडे असतात, पण थोड्याच, लवकर संपतात. बाईंसाठी तशी केबिन शोधतेय, पुढच्या वर्षीची, शाळा चालू असतानाची. कोणी एकटीने जाऊन आलं असेल तर कृपया मेसेज करा, त्यांच्या मनात रात्रीच्या जेवणाला एकटं बसायची धाकधूक आहे, त्याबद्दल त्यांना तुमच्याशी बोलायचंय.