सरळ रेषेला शॉक

पिक्चर टुकार आहे हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. तरी पुढचे अडीच तास मी तिथेच बसतो, खरी बोंब इथे आहे.

परवा ताईला घेऊन गेलो. ताई नर्स आहे, पंधरा वर्षं आयसीयूत काढलीत, त्यामुळे हॉस्पिटलचा सीन असलेल्या पिक्चरला तिला नेऊ नये एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण ट्रेलर झकास होता हो! ट्रेलरवाले लोक वस्ताद असतात, सगळे बरे सीन वेचून अडीच मिनिटांत दाखवून टाकतात आणि मग थेटरात आपल्या वाट्याला येतो चोथा.

सुरुवातीला हीरोचा एक कुत्रा दाखवलाय. एक कान पडलेला, एकदम गोड. अख्ख्या पिक्चरमध्ये अभिनय काय तो त्यानेच केला. हीरोचं म्हणाल तर राग आला की जबडा आवळायचा आणि प्रेम आलं की सैल सोडायचा, संपलं, बाकीची सगळी जबाबदारी पार्श्वसंगीतावर. म्हातारा अजून धडधाकट बागेत फिरतोय तोच व्हायोलिन सुरू, म्हणजे आपण ओळखायचं की याचं काही खरं नाही. आणि फ्लॅशबॅक! फ्लॅशबॅकमध्ये हीरोच्या आईला तिच्या आईची आठवण येते, की आपण अजून एक मजला खाली, तिथून वर यायला वीस मिनिटं, आणि वर आल्यावर मूळ सीनमध्ये कोण कोणाकडे कशाला आलं होतं तेच आठवेना.

बॉम्बच्या टायमरवर दोन मिनिटं उरली होती. मी घड्याळ लावून बघितलं, ती दोन मिनिटं सहा मिनिटं चालली, त्यात एक कबुलीजबाब, एक माफी आणि अर्धं गाणं बसवलं.

मग आलं हॉस्पिटल. म्हातारा बेडवर, मॉनिटरवर हिरवी रेष सरळ, टूंऽऽऽ असा आवाज, आणि डॉक्टर त्या दोन इस्त्र्या एकमेकींवर घासून छातीला लावतोय, पेशंट हातभर उडतोय. ताई सीटमध्ये सरळ होऊन बसली.

"अरे, सरळ रेषेला शॉक नाही देत! छाती दाबा त्याची, छाती!"

"ताई, हळू बोल."

"हळू काय? हृदय वेडंवाकडं थरथरत असलं तर शॉक द्यायचा, इथे काहीच चालू नाहीये तर शॉक देऊन काय करणार? इंजेक्शन कुठाय? आणि ते सलाइन बघ, मघाशी रिकामं होतं, आता परत भरलं!"

पुढच्या रांगेतला एक जण मागे वळला, मला वाटलं आता भांडण, तर तो म्हणतो, "मॅडम, मग हा वाचेल का?" ताई म्हणाली, "यांच्या हातून नाही." पण वाचला. तिसऱ्या शॉकला उठून बसला आणि मुलाला खानदानाचा इतिहास सांगायला लागला. ताईने कपाळावर हात मारला. सेकंदाला २४ फ्रेम, १६० मिनिटांचा पिक्चर, म्हणजे २,३०,४०० चित्रं. त्यातलं एखादं तरी नर्सला दाखवून घ्यायचं!

आता तुम्ही म्हणाल, उठून का नाही गेलास? एक तर माझी सीट नेमकी मधली, कुठल्याही बाजूने निघालो तरी दहा-अकरा जणांचे गुडघे ओलांडायचे. आणि दुसरं म्हणजे पैसे दिलेत ना राव. हा रोग माझ्या एकट्याचा नाही. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोघांनी यावर रीतसर प्रयोग केलाय, १९८५ मध्ये छापून आला. नाटकांच्या सीझन तिकिटावर काही जणांना न मागता सूट दिली, काहींना पूर्ण किमतीत दिलं, तर पूर्ण पैसे मोजलेले लोक पुढचे काही महिने जास्त नाटकांना गेले. वसुली! नाटकं तीच, फक्त खिसा जास्त दुखत होता. लुमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला शो केला तेव्हा दहा फिल्मा दाखवल्या, एकेक जेमतेम मिनिटाची. आवडली नाही तर दुसरी लागेपर्यंत जांभई द्यायची, बास. सुखी लोक.

असो. शेवटी टायटल्स वर सरकायला लागली तसे आम्ही सॉरी सॉरी करत गुडघे तुडवत बाहेर पळालो. जिन्यात ताई एकदम थांबली.

"अरे, तो कुत्रा कुठे गेला?"

खरंच की. इंटरव्हलनंतर कुत्रा दिसलाच नव्हता. बॉम्ब फुटला तेव्हा घरात होता की बाहेर? शेजाऱ्यांकडे ठेवला होता का? पार्किंगमध्ये, गाडीत, घरी पोचल्यावर, आम्ही दुसरं काही बोललोच नाही, रात्री साडेअकराला ताईचा फोन, "मेला असेल का रे?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाला सहज विचारलं, त्यानेही बघितला होता. तो म्हणाला, "कुत्रा? टायटल्स संपल्यावर पाच मिनिटांचा सीन आहे ना त्याचा. भारी आहे एकदम, तेवढाच बघण्यासारखा आहे. तुम्ही थांबला नाहीत?"

ताईला अजून सांगितलेलं नाही.