‘घसरण लपवली’ म्हणणाऱ्यांना

‘हवामानशास्त्रज्ञांची लबाडी त्यांच्याच ईमेलमधून उघडी पडली, तापमानवाढ हा निधी लाटण्यासाठी रचलेला बनाव आहे’ हा दावा अजूनही फिरतो आहे.

ईमेल खरे आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातून ते चोरून पसरवले गेले. त्यात तिथले हवामानशास्त्रज्ञ फिल जोन्स यांनी १९९९ मध्ये ‘घसरण लपवण्या’बद्दल लिहिलं होतं. पण घसरण कशाची? तापमानाची नक्कीच नाही. १९९८ हे तोवरच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष होतं. घसरण होती झाडांच्या वर्षवलयांच्या, म्हणजे खोडात दरवर्षी वाढणाऱ्या कड्यांच्या नोंदींत. त्यांवरून जुन्या काळच्या तापमानाचा अंदाज बांधतात. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत अनेक ठिकाणी लाकडाची घनता तापमानाबरोबर कमी-जास्त होत असे. १९६० च्या सुमारास हे नातं बिघडलं. थर्मामीटर चढत राहिले, वलयं मागे पडली. ही विसंगती त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्वतःहून छापली होती! एका आलेखात मात्र वलयांचे पुढचे आकडे गाळून थर्मामीटरचे जोडले गेले आणि तसं स्पष्ट सांगितलं नाही. या ईमेलांची चौकशी करणाऱ्या २०१० च्या म्युर रसेल समितीने त्यावर ठपका ठेवला, आणि तो योग्यच होता. पण शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, असंही त्याच अहवालात आहे. दावा पुढे रेटणारे नेमकं तेवढंच गाळतात.

‘आकडे त्यांच्याच हातात, मग तपासणार कोण?’ तपासले गेले आहेत. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या नोंदींबद्दल शंका होती. त्यांनी अमेरिकेतल्या बर्कलीत वेगळा गट उभा करून सगळं गणित नव्याने मांडलं. पैशांचा काही भाग तेल उद्योगातल्या चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाचा होता. उत्तर तेच आलं. २०१२ मध्ये म्युलर यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीरपणे सांगितलं.

निधीचा आरोप तर एक्सॉनपाशीच कोसळतो. या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकांत तापमानवाढीचे अंदाज बांधले होते, आणि ते बहुतांशी बरोबर ठरले. तेल विकणाऱ्यांचा पगार घेऊन हा बनाव त्यांनी कशासाठी रचला असता?

‘आम्ही फक्त प्रश्न विचारतो’ असंही म्हटलं जातं. प्रश्न जरूर विचारावेत, विज्ञान त्यावरच चालतं. जोन्स यांना मात्र जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या काळात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेला, असं त्यांनी नंतर सांगितलं. याला प्रश्न विचारणं म्हणत नाहीत.