आमच्या अल्कोला कंठ फुटतो

आम्ही नागपुरात अजनीला राहतो, त्यामुळे रेल्वेच्या आवाजाचा आमच्याकडे तुटवडा नाही, उलट पाहुणे पहिल्या रात्री दचकून उठून बसतात. यार्डातलं शंटिंग, शेडमधून निघणारी इंजिनं, पहाटेचे हॉर्न, सगळं घरपोच आणि फुकट. अशा घरात राहून मी इंजिनाचा आवाज विकत आणायचं ठरवलं, तोही वीतभर मॉडेलमध्ये बसवायला, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "अहो, खिडकी उघडा ना."

आता तिला कसं सांगू की खिडकीतून येतो तो वॅप-७ नाहीतर वॅग-९चा आवाज, अजनीची शेड इलेक्ट्रिकची आहे. माझं मॉडेल आहे डब्ल्यूडीएम-२, म्हणजे डिझेल, म्हणजे अल्को, अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचं डिझाइन. १९६२ मध्ये पहिली इंजिनं अमेरिकेतून आली, मग वाराणसीला बनायला लागली, १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर. नुसती उभी असली तरी छातीत धडधड व्हायची. नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवला की काळा धूर असा निघायचा की स्टेशनवरचे पांढरे शर्ट करडे व्हायचे, कारण डिझेल लगेच आत जातं पण टर्बोला वेग घेऊन हवा द्यायला वेळ लागतो, तोवर अर्धवट जळलेलं सगळं आकाशात. पर्यावरणवाले काही म्हणोत, तो आवाज ज्याच्या लहानपणात घुसला तो माणूस कायमचा बिघडला. माझे बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते, उमेदीची वर्षं याच इंजिनांवर गेली, त्यामुळे मी तर जन्मजात बिघडलेला.

आणि माझी अल्को मुकी होती. वरच्या खोलीत प्लायवूडवर १६.५ मिलिमीटरच्या रुळावर गपचूप फिरायची. जुन्या डीसी पद्धतीत रुळात जेवढे व्होल्ट तेवढा गाडीचा वेग, त्यामुळे गाडी थांबली की करंट संपला, उभ्या गाडीला धडधडायला काही उरतच नाही. डीसीसी म्हणजे डिजिटल पद्धतीत रुळात करंट कायम असतो आणि त्यातूनच हुकूम जातात, अमुक नंबरची गाडी चाल, तमुक नंबरची हॉर्न वाजव. गाडीच्या पोटातला डिकोडर आपला नंबर ऐकून कामाला लागतो. नवाकोरा डिकोडर ३ नंबर घेऊन येतो, सगळ्या जगात ३. त्यात साउंड असेल तर गाडी उभी राहूनही आयडलिंग करते. मला एवढंच हवं होतं, उभी राहून धडधडणारी अल्को.

डिकोडर परदेशातून आला आणि कस्टम ड्युटी धरून जवळजवळ इंजिनाच्या किमतीला पडला, हा आकडा घरात अजून जाहीर झालेला नाही, कृपया कोणी करू नये.

पहिली अडचण जागेची. मॉडेलच्या पोटात असतो धातूचा ठोकळा, वजनासाठी, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतात. स्पीकर बसवायचा तर ठोकळा कापायला हवा. हिंगणा एमआयडीसीत एका मित्राचं वर्कशॉप आहे, तिथे क्रेनचे पार्ट बनतात. त्याच्या कारागिराने ठोकळा तळहातावर घेतला, उलटसुलट केला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "साहेब, बाकीची मशीन कुठे आहे?" मी म्हटलं हीच आहे. मग आजूबाजूचे चार जण जमले, सगळ्यांनी एकेकदा हातात घेतला, कोणाच्या मुलाचं आहे अशी चौकशी झाली. मी माझं आहे म्हणालो नाही. पुतण्याचं म्हणालो. मला पुतण्या नाही.

मग वायरिंग. लाल आणि काळी रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या लाइटला, पिवळी मागच्या, निळी लाइटांची कॉमन, आणि दोन तपकिरी स्पीकरला. मोटरचं कुठलंही टोक चेसिसला टेकता कामा नये, टेकलं की डिकोडर गेला, आणि आमच्या जुन्या मॉडेलमध्ये एक टोक चेसिसलाच आवळलेलं, ते आधी सोडवून इन्सुलेट केलं. वायरी शेवयांहून बारीक. चष्म्यावर भिंग, भिंगावर टेबललॅम्प, आणि हे सगळं मे महिन्यात, नागपुरात, छताखालच्या खोलीत, जिथे बाहेर ४५ असतं तेव्हा आत किती असतं ते मोजायची कोणी हिंमत केलेली नाही. सोल्डरिंग आयर्न गरम व्हायची वाट पाहावी लागली नाही असं म्हणणार होतो, पण अतिशयोक्ती नको.

स्पीकरला मागून बंद डबी लागते, नाहीतर पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि अल्कोची पिपाणी होते. डबी मी जुन्या एटीएम कार्डाचे तुकडे कापून फेविक्विकने चिकटवून बनवली, एकदम हवाबंद. बायकोने कचऱ्यात पडलेला उरलेला तुकडा उचलून बघितला, त्यावरची तारीख वाचली, आणि काही न बोलता ठेवून दिला. एक्सपायर्ड होतं हो. नशीब.

शेवटी तो क्षण आला. रुळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, बटण दाबलं... आणि काही नाही. परत दाबलं. शांतता. म्हणजे शांतता नाहीच, कूलर. आमचा कूलर लोखंडी, खसच्या ताट्यांचा, चालू असला की समोरच्याशी हातवारे करून बोलावं लागतं. इंजिनाला कान लावला तर बिचारी मनापासून धडधडत होती. म्हणजे आता दोनच पर्याय, हवा किंवा अल्को. मी कूलर बंद केला, घाम पुसत पुसत ऐकलं, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. त्या घामाच्या धारांतून काटा वर आला म्हणजे बघा.

धावत खाली गेलो, बाबांना वर घेऊन आलो. गुडघे दुखतात म्हणून ते एरवी जिना चढत नाहीत. खुर्चीत बसले, डोळे मिटले, ऐकलं.

"हे काय वाजवून राहिला?"

"अल्को आहे बाबा."

"अल्को हाव. पण हा सहा सिलिंडरचा आहे. मीटरगेजचा वायडीएम-४ वाटून राहिला."

मी म्हटलं आता वयामुळे होतं असं. मग माहितीपत्रक नीट वाचलं. त्या डिकोडरवर अमेरिकेतल्या छोट्या शंटिंग इंजिनाचा आवाज भरून दिलेला, नुसतं 'अल्को' लिहून विकणाऱ्याने पाठवलेला. इंजिन खरोखर सहा सिलिंडरचं! रुपयाएवढ्या स्पीकरवरून माणूस सिलिंडर मोजतो, आणि हाच माणूस जेवायला दिलेली हाक तीनदा मारल्याशिवाय ऐकत नाही.

१६ सिलिंडरची फाइल मिळवली, भरली. बाबा परत वर. धडधड पास झाली. मग मी कौतुकाने कंट्रोलरवरचं एफ-वन दाबलं तर टण टण टण घंटा. अमेरिकेत इंजिनावर घंटा असते, स्टेशनात शिरताना वाजवतात. बाबा म्हणे आरती केव्हा आहे. घाईने एफ-टू दाबलं, हॉर्न, तर तो पाच सुरांचा, पूर्ण ऑर्केस्ट्रा. बाबा उठून उभेच राहिले, "हे वर्ध्याला गेलं तर लोक फाटकातून पळतील बे."

त्यातच टर्नआउटवर, म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे, धूळ होती, त्या जागी चाकाचा संपर्क तुटायचा, डिकोडर बंद पडून परत चालू व्हायचा आणि धावती गाडी मधेच नव्याने स्टार्टर मारायची. चालत्या गाडीत क्रँकिंग पाहून बाबांचा चेहरा असा झाला की मी त्याच रात्री कपॅसिटर जोडला, आता संपर्क क्षणभर गेला तरी गाडी त्याच्यावर तग धरते.

घंटा बंद करून टाकली. हॉर्न मात्र आपलाच हवा होता. मी बाल्कनीतून मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागलो, आणि तेव्हा कळलं की अजनीत नुसता हॉर्न असा प्रकार नाही. हॉर्न प्लस कुकरची शिट्टी, हॉर्न प्लस कुत्रा, हॉर्न प्लस शेजारचे काका फोनवर. सगळ्यात स्वच्छ जो मिळाला त्याच्या शेपटीला बारीक आवाजात "भंगाऽर, रद्दीपेपऽर" होतं. कापायला गेलो तर हॉर्नचं शेवटचं लांबणंही जात होतं, म्हणून राहू दिलं, एवढ्याशा स्पीकरवर कोणाला कळणार. बाबांनी तो इलेक्ट्रिक इंजिनाचा हॉर्न असल्याचं तत्काळ ओळखलं, पण निदान भारतीय आहे म्हणून मंजूर केलं.

आता रोज संध्याकाळी कूलर बंद करून कंट्रोलर बाबाच घेतात. प्लायवूडवरच्या फाटकाआधी मी इवलीशी पिवळी 'सी/फा', म्हणजे सीटी/फाटक, अशी पाटी लावलीय, तिथे ते नियमाप्रमाणे हॉर्न देतात, लांबलचक. परवा तसा दिला आणि खालून बायकोचा आवाज, "अहो, थांबवा त्याला, दोन महिन्यांची रद्दी साचलीय!" मी जिन्यात उभा राहून सगळं समजावायला लागलो, डिकोडर, बाल्कनी, रेकॉर्डिंग. ती रद्दीचा गठ्ठा घेऊन दारात उभी, गल्ली रिकामी. तेवढ्यात वरून परत हॉर्न, परत भंगाऽर, आणि बाबांची हाक, "अरे, किलोला काय भाव आहे ते तर विचार!"