‘पाचशे घेतले आणि परत तोच एरर’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार काका,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. दोन दिवस पीसी ठेवून घेतला, ५०० रुपये घेतले, दुसऱ्याच दिवशी डाउनलोडला परत तोच एरर आला, आणि शेवटी पुतण्याने ‘रजिस्ट्रीत ३ चा १ करून, डिफेंडर बंद करून’ पाच मिनिटांत फुकटात काम केलं, असं तुम्ही लिहिलंय. (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही, डिफेंडर म्हणजे विंडोजसोबत येणारा अँटिव्हायरस.) शेवटी ‘लुटारू’. तो शब्द झोंबला, पण राहू दे.

आधी माझं चुकलं ते. दोन दिवस कामाला नाही, रांगेला लागले. काम सव्वा तासाचं होतं. पीक विम्याच्या दिवसांत तुमच्या सेंटरवर माणसं ताटकळत असतात हे माहीत असून मी ‘ठेवून जा, बघतो’ म्हणालो. आणि बिलावर नुसतं ‘सॉफ्टवेअर रिपेअर’ खरडलं. त्यावरून कुणाला काय कळणार?

म्हणून आता नीट सांगतो. सातबाऱ्याची पीडीएफ पूर्ण उतरायची आणि मग क्रोम ‘व्हायरस स्कॅन फेल्ड’ दाखवून ती टाकून द्यायचा. १५ रुपये भरून झालेले, गिऱ्हाईक समोर उभं, फाइल गायब. तुम्हाला वाटलं नेटचा घोळ, राउटरसुद्धा बदललात. नेट ठणठणीत होतं. विंडोजमध्ये फाइल उतरली की ब्राउझर ती अटॅचमेंट मॅनेजरकडे देतो (एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासून ही सोय आहे), आणि तो मशीनवर नोंद असलेल्या अँटिव्हायरसकडून ती तपासून घेतो. तुमचा अँटिव्हायरस मुदत संपल्यावर कुणीतरी अर्धवट काढला होता. प्रोग्रॅम गेला, नोंद राहिली. वॉचमन नोकरी सोडून गेलाय, पण वहीत अजून त्याच्याच सहीशिवाय पार्सल आत घेत नाहीत, तसला प्रकार. त्यात दुसरा अँटिव्हायरस आहे असं समजून विंडोजचा स्वतःचा डिफेंडरही बाजूला होऊन बसलेला. म्हणजे महिनोन्‌महिने तुमच्या पीसीवर राखणीला कुणीच नव्हतं.

मी त्या कंपनीचंच रिमूव्हल टूल सेफ मोडमध्ये चालवून नोंद साफ केली, डिफेंडर चालू करून अपडेट केला. मग आयकारची चाचणी फाइल टाकून पाहिली. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल असते, अँटिव्हायरस जागा आहे का हे बघायलाच बनवलेली. डिफेंडरने ती पकडली, पीडीएफ मात्र सुरळीत उतरल्या. तेव्हाच पीसी बांधून ठेवला.

आता रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलेला एररचा फोटो जरा झूम करून बघा. त्यावर ‘व्हायरस डिटेक्टेड’ आहे, ‘स्कॅन फेल्ड’ नाही. घाईत दोन्ही सारखंच वाटतं, पण आधी तपासायलाच कुणी नव्हतं, आणि या वेळी तपासणाऱ्याला काहीतरी सापडलंय. फाइलचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला कळलं असेलच. डिफेंडर कधीकधी चांगली फाइलही अडवतो, हे खरं. पण विकतचं सॉफ्टवेअर ‘फुल व्हर्जन फ्री’ म्हणून देणाऱ्या साइटवरची फाइल असेल, तर मी डोळे झाकून त्याच्या बाजूने. हे दोन एरर वेगळे असतात, एवढं पीसी देताना सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. तेही माझ्याकडून राहिलं.

पुतण्याने जो १ केलाय, त्याचा अर्थ डाउनलोडच्या वेळी अँटिव्हायरसला विचारायचंच नाही. डिफेंडर काही वेळाने आपोआप परत चालू होईल, पण तो १ तसाच राहील. पोराला बोल लावत नाही, यूट्यूबवर अर्धे व्हिडिओ हेच शिकवतात. काळजी वेगळीच आहे. डिफेंडर बंद असताना ती फाइल उघडली का? उघडली असेल तर त्या पीसीवर बँकेचं काही करू नका आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. लोकांच्या आधारच्या झेरॉक्स तुमच्याकडे स्कॅन होऊन पडलेल्या असतात. उघडली नसेल तर डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही.

५०० रुपये परत देणार नाही, ते काम झालंय. पण उद्याचं काम फुकट. १ चा परत ३ करतो आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावतो. त्याला पंधराएक मिनिटं लागतात, पीसी रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तो चालतो. रांगेत ठेवणार नाही, तुमच्यासमोर करतो. पुतण्यालाही घेऊन या.

सकाळी ११ नंतर या. फक्त सीपीयू आणा, मॉनिटर-कीबोर्ड नको.