परीक्षेतले गार हात

परीक्षेच्या सकाळी बोटं गार पडतात याचा सगळा दोष मी वाचलेल्या एका लेखात थंडीला दिलाय, ते मला अर्धंच पटलं. माझी बोटं भर उन्हाळ्यातल्या पेपरलाही गारच असायची! भीती वाटली की शरीरात ॲड्रेनालिन नावाचं संप्रेरक वाढतं, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. थंडीतही त्याच आकसतात, आतली ऊब राखायला. म्हणून हिवाळ्यातल्या पेपरला दोन्ही एकदम गाठतं आणि अक्षर बिघडतं.

एकदा शेजारच्या बाकावरच्या मुलीनं काही न बोलता तिचे हातमोजे माझ्याकडे सरकवले होते. घंटा होईपर्यंत घालून बसले. त्या पेपरात काय आलं होतं ते विसरले, ते मोजे मात्र अजून आठवतात.